सिस्टर, हे टाकू नका

सकाळी सातला ड्यूटी घेताना रात्रीच्या सिस्टरनं सांगितलं, "रात्र शांत गेली. ताप नाही, दूध सगळं घेतलं, एकदा थोडी उलटी." प्रत्यारोपणानंतरचा तो आठवा दिवस. अकरा महिन्यांची मुलगी, वजन साडेसात किलो, पोटावर आडवे टाके, आणि त्या टाक्यांखाली तिच्या आईच्या यकृताचा डावीकडचा तुकडा.

मी खोलीत गेले तेव्हा आजी खिडकीपाशी उभ्या होत्या, हातात गुंडाळलेला डायपर घेऊन. मी सवयीनं पिवळी पिशवी पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"सिस्टर, हे टाकू नका. आधी बघा."

मी उघडून बघितलं. मला शी पिवळीच वाटली. तसं म्हटलंही. आजींनी मला दंडाला धरून उजेडात नेलं. "दिव्याखाली नाही कळायचं. परवा गडद होती, काल थोडी उतरली, आज अजून फिकी आहे. मी रोज इथंच उभी राहून बघते."

ट्यूबलाइटखाली जी पिवळी दिसत होती, तीच खिडकीच्या उजेडात फिकुटलेली दिसली. पांढरी नव्हे, पण रंग नक्की उतरला होता.

आजींचं म्हणणं मी त्या क्षणी मनावर का घेतलं, त्याला कारण आहे. या मुलीचा आजार सगळ्यांत आधी त्यांनाच दिसला होता. बाळ तीन आठवड्यांचं असताना त्यांनी लेकीला सांगितलं होतं, "हिची शी शाडूसारखी पांढरी होतेय, हे बरं नाही." त्यावर त्यांना जिथं तिथं एकच उत्तर मिळालं: नवजात बाळांना कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरा, जाईल. बाळ वजनानं वाढत होतं, हसत होतं, त्यामुळे कुणाला घाई वाटली नाही. निदान झालं तेव्हा तिला तीन महिने पूर्ण होऊन गेले होते.

बिलिअरी अट्रेझिया नावाच्या या आजारात यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजून जातात. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शी पांढरी. ते यकृतातच साचतं, म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद. पहिला उपाय म्हणजे आतड्याचा एक भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणं. जपानी शल्यचिकित्सक मोरिओ कसाई यांनी ही शस्त्रक्रिया १९५०च्या दशकात सुरू केली, म्हणून तिला कसाई शस्त्रक्रिया म्हणतात. आपल्या भाषेत हा शब्द ऐकून आईबापांचा चेहरा पडतो, ते मी कितीदा तरी पाहिलंय. दरवेळी आधी तेवढंच सांगते, की हे डॉक्टरांचं आडनाव आहे. बाकीचं नंतर.

ती शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त. उशीर होईल तसं यकृत घट्ट होत जातं. तैवानमध्ये २००४पासून प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शीच्या रंगांचं एक कार्ड दिलं जातं. आईनं डायपरमधला रंग त्या कार्डाशी लावून बघायचा आणि फिका निघाला तर लगेच कळवायचं. इतकं साधं साधन. मला वाटतं, प्रत्येक बाळंतिणीच्या हातात ते असायला हवं. या आजींकडे कार्ड नव्हतं, तरी रंग त्यांनी बरोबर ओळखला होता.

उशिरा झालेल्या कसाईनं पित्त वाहिलं नाही. पोट फुगत गेलं, हातपाय काड्या झाले, खाजेनं बाळ स्वतःचे कान ओरबाडायचं. मग यकृत बदलण्याशिवाय मार्ग उरला नाही. आईचा रक्तगट जुळला, तपासण्यांत ती पास झाली. दाखल झाली त्या रात्री तिनं मला विचारलं होतं, "सिस्टर, असं आईचं काढून बाळाला लावून मुलं जगतात ना नक्की?" मी तिला सांगितलं, की १९८९ साली ब्रिस्बेनला एका आईच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला बसवला होता आणि तो यशस्वी झाला, तेव्हापासून जगभर हजारो मुलांना असं यकृत मिळालंय. तुझं उरलेलं यकृत पुन्हा भरून येईल, आणि हिला दिलेला तुकडा हिच्याबरोबर वाढेल. ती बराच वेळ बाळाच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी वडिलांपुढे दोन संमतीपत्रं होती. एकात 'रुग्णाशी नातं' या रकान्यात त्यांनी 'पती' लिहिलं, दुसऱ्यात 'वडील'. दुसरं लिहिताना पेन थांबलं. मी खुर्ची ओढून दिली. ते बसले नाहीत, उभ्यानंच सही केली. चौथ्या दिवशी आईला व्हीलचेअरवरून बाळाकडे आणलं. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरत होती. तिनं टाक्यांकडे, नळ्यांकडे, मॉनिटरकडे पाहिलंच नाही. बाळानं डोळे उघडले तशी म्हणाली, "पांढरे झाले गं." डोळ्यांतला पिवळेपणा ओसरायला लागला होता.

तर त्या आठव्या सकाळी तो डायपर मी पिशवीत बांधून तसाच ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला. शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध सकाळी आठ आणि रात्री आठ, असं बारा तासांच्या अंतरानं देतो. रक्तातली त्याची लेव्हल बघायची तर सकाळचा डोस देण्याआधीच रक्त घ्यावं लागतं, नाहीतर आकडा फसवा येतो. साडेसातला रक्त काढलं आणि यकृताच्या तपासण्या तातडीच्या म्हणून पाठवल्या.

मग मी फाइल घेऊन बसले. "एकदा थोडी उलटी" हे मनात टोचत होतं. उलटी किती वाजता? रात्री आठ वीसला. औषध आठला. म्हणजे डोसमधला किती आत राहिला, देव जाणे. मागची पानं उलटली. दोन दिवसांपूर्वीही सकाळच्या औषधानंतर थोडं दूध बाहेर आलं होतं. ती नोंद दुधाच्या तक्त्यात होती, औषधाच्या तक्त्यात नव्हती. अक्षर माझं होतं.

दोन तक्ते शेजारीशेजारी ठेवून कुणी वाचलेच नव्हते. मीही नाही. डॉक्टरांना ते तसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून डोस आणि उलटी मी एकाच ओळीत लिहिते, आणि नव्या मुलींनाही तेच शिकवते.

दहाच्या सुमारास रिपोर्ट आले. काविळीचं मोजमाप असलेलं बिलिरुबिन १.६ वरून ३.१ वर गेलं होतं, यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी तिपटीनं वाढलं होतं. सगळ्यांत मोठी भीती यकृताच्या धमनीत गुठळी होण्याची. म्हणून लगेच डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी झाली. धमनीत प्रवाह चांगला होता, पित्तनलिका फुगलेल्या नव्हत्या. दुपारी टॅक्रोलिमसची लेव्हल आली, ५.२. या दिवसांत आम्हाला ती ८ ते १२च्या दरम्यान हवी असते. लहान मुलांचं शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा झपाट्यानं निकालात काढतं, त्यात उलट्या. बायोप्सी करायचं ठरलं. त्यासाठी बाळाला उपाशी ठेवायचं होतं. ते तास आजींनी तिला खांद्यावर घेऊन खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत काढले. बाळ रडून रडून त्यांचा पदर चोखत होतं.

दुसऱ्या दिवशी निदान पक्कं झालं: रिजेक्शन, म्हणजे शरीर नवं यकृत नाकारत होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ते बऱ्याच मुलांना होतं आणि बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतं. डॉक्टरांनी आईला हे नीट समजावलं. ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "माझं यकृत, माझ्याच पोटची पोर. मग नको कसं झालं तिला?"

मी तिला सांगितलं, की बाळ निम्मं तुझं, निम्मं बाबांचं. त्यामुळे तुझ्या पेशी तिच्या शरीराला पूर्ण ओळखीच्या नसतात, ते त्यांना परकं समजून अंगावर जातं. ती मान हलवत होती, पण तिच्यापर्यंत ते पोचत नव्हतं. तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं, नको नाही झालं. तिच्या अंगाला ठाऊकच नाही ते कुणाचं आहे. औषध ओळख करून देईल. होतं हळूहळू."

हे मी पुस्तकातून कधी सांगू शकले नसते. त्यानंतर मात्र अनेक आयांना त्यांचंच वाक्य सांगितलंय.

तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, टॅक्रोलिमसचा डोस वाढवला. औषध दिल्यावर अर्धा तास बाळाला उभं धरायचं आणि घड्याळ बघायचं, ही जबाबदारी वडिलांनी स्वतःहून घेतली. रिकाम्या वेळात ते एक मिलीची सिरिंज पाण्यानं भरून हवेचा बुडबुडा काढायचा सराव करायचे. घरी गेल्यावर ते औषध वर्षानुवर्षं त्यांनाच द्यायचं होतं, ठरल्या वेळी, न चुकता.

आणखी एक गोष्ट. या आधी कुणी आजी-आजोबा असं काही सांगायला आले, की आम्ही फाइलमध्ये 'नातेवाईक चिंतेत' असं लिहायचो. मीही लिहिलंय. आता मी ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, वेळेसकट. त्या दिवसाच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: ७.१०, आजी म्हणतात शी कालपेक्षा फिकी आहे, उजेडात पाहिली, खरं आहे.

स्टेरॉइड सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले. रात्री बाळाजवळ वडील होते. एसजीपीटी उतरायला लागलं होतं, बाळ पालथं पडायची धडपड करत होतं आणि टाके ओढले गेले की चिडत होतं. मी पिशवी पुढे केली तेव्हा वडिलांनी डायपर उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"थांबा सिस्टर, आजी अंघोळीला गेल्यात. त्यांना बघू दे."

मी उघडून पाहिलं. हिरव्याकडे झुकणारा गडद पिवळा रंग. पुन्हा गुंडाळून तिथंच ठेवला, आणि आजी येईपर्यंत बाळाचं तापमान घेतलं.