सिग्नल कोण खातंय?

घराच्या मागे तीस-पस्तीस मीटरवर माझं वर्कशॉप आहे, पत्र्याचं, आणि पत्र्याच्या आत वायफाय जेमतेम दारापर्यंत पोचतं. घरातलं वायरिंग सगळं कन्सील्ड, म्हणजे दिवे-पंखे कॉम्प्युटरवरून चालू-बंद करायला वेगळी वायर ओढायची तर भिंती खोदा, प्लास्टर करा, परत रंग द्या. मग डोक्यात आलं की प्रत्येक दिव्यापर्यंत एक वायर आधीच गेलेली आहे, तिच्यावरूनच निरोप पाठवला तर? म्हणून एक्स-१० चं, म्हणजे विजेच्या वायरवरूनच चालू-बंदचे निरोप पाठवणाऱ्या पद्धतीचं, सामान जमवलं, जिन्याचा आणि अंगणाचा दिवा, हॉलमधले दोन, वर्कशॉपचे सगळे दिवे आणि तिथला एक्झॉस्ट फॅन, एवढंच सुरुवातीला जोडायचं ठरवलं.

एक्स-१० ही खूप जुनी पद्धत, १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने काढलेली. पण ती चालते कशी हे कळलं तेव्हा मी अक्षरशः प्रेमात पडलो. आपल्या ५० हर्ट्झच्या करंटमध्ये व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातं. नेमकं त्या क्षणी लाइनवर गोंगाट सगळ्यात कमी असतो आणि घरातल्या प्रत्येक मॉड्यूलला (दिव्याला जोडलेली, निरोप ऐकून चालू-बंद करणारी डबी) तो क्षण आपोआप कळतो, वेगळं घड्याळ लागत नाही. त्याच क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा ठोका सोडायचा. आधी ठोका आणि पुढच्या शून्याला शांतता म्हणजे १, उलटं झालं तर ०. पत्ता म्हणजे ए ते पी यातलं एक अक्षर आणि १ ते १६ यातला एक आकडा, एकूण २५६ पत्ते. प्रत्येक गोष्ट दोनदा पाठवली जाते, त्यामुळे एका पूर्ण कमांडला ४७ सायकल लागतात, म्हणजे बटण दाबल्यावर जवळजवळ एक सेकंदाने दिवा लागतो. सुरुवातीला हा उशीर खटकतो, आठवड्याभरात सवय होते.

घरात पहिल्याच दिवशी सगळं चाललं. कॉम्प्युटरचे निरोप वायरवर सोडणारा सीएम-११ सीरियल पोर्टवरून जोडला, लिनक्सवर तो चालवणारं हेयू हे सॉफ्टवेअर टाकलं, टायमर लावले, संध्याकाळी अंगणातला दिवा आपोआप लागला तेव्हा आई बाहेर येऊन बघून गेली. वर्कशॉप मात्र ढिम्म हलेना. मी घरातून कमांड पाठवायचो, आई तिथे उभी राहून फोनवर सांगायची, "अरे, नाही लागला रे." परत पाठवायचो. "परत नाही लागला." असं किती वेळा झालं असेल!

कारण साधं होतं पण मला सुचायला दोन दिवस गेले. वर्कशॉपला थ्री-फेज आहे, घर एका फेजवर आणि तिथले दिवे दुसऱ्या फेजवर. सिग्नल एका फेजवरून दुसऱ्या फेजवर जायचा तर लांब ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यावा लागतो, तोवर त्यात काही उरत नाही. शिवाय तिन्ही फेज एकाच वेळी शून्यावर येत नाहीत, शून्यं साधारण ३.३ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, म्हणूनच एक्स-१० मध्ये तोच ठोका तीनदा पाठवायची सोय मुळातच ठेवलेली आहे. फक्त तो पलीकडे पोचवायला कोणीतरी हवं. मेन डीबीत (विजेच्या मुख्य बोर्डात) इलेक्ट्रिशियनकडून तयार फेज कपलर बसवून घेतला. हे काम स्वतः करू नका, तिन्ही फेजच्या मधे काही जोडायचं म्हणजे ४०० व्होल्टशी गाठ आहे.

कपलर लागला, वर्कशॉप चालू झालं, आणि चार दिवसांनी परत बंद. आता गंमत अशी की सकाळी चालायचं, दुपारनंतर नाही. वायरवरचा एक्स-१० चा सिग्नल किती जोरात आहे ते दाखवणारा सिग्नल मीटर घेऊन बसलो आणि वर्कशॉपच्या डीबीतले एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे ब्रेकर, एकेक करून खाली पाडत गेलो, प्रत्येक वेळी घरून कमांड पाठवायची आणि मीटर बघायचा. पाचवा एमसीबी पाडला आणि मीटरवरचा आकडा एकदम उसळला. मग त्या लाइनवरचे प्लग एकेक काढले. सापडला तो ड्रिलच्या बॅटरीचा चार्जर! त्यात बॅटरीसुद्धा नव्हती, नुसता प्लगमध्ये बसलेला होता, मी दुपारी काम सुरू करताना लावायचो आणि रात्री काढायचो.

आता हा रिकामा चार्जर सिग्नल खातो कसा? आजकालच्या बहुतेक चार्जरमध्ये, मॉनिटरमध्ये, कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये आत शिरताच फेज आणि न्यूट्रलच्या मधे एक कपॅसिटर असतो, बाहेर गोंगाट जाऊ नये म्हणून. समजा तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३० हजार ओहमच्या वर, म्हणजे विजेच्या दृष्टीने तो जवळपास नाहीच. पण १२० किलोहर्ट्झला तोच अडथळा फक्त १३ ओहम! सिग्नलला वाटतं समोर सरळ रस्ता आहे आणि तो तिथेच जिरतो. चार्जर आपलं काम अगदी नीट करतोय, त्याची काहीच चूक नाही, फक्त आपण त्याच वायरवर बोलायला गेलो.

यात दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखायला शिका, खूप वेळ वाचतो. एक गिळणारे, हा चार्जर त्यातला, प्लगमध्ये असला की झालं, चालू-बंदचा संबंध नाही. दुसरे ओरडणारे, ते चालू असतानाच त्रास देतात. माझ्याकडे बाथरूममधल्या एका एलईडीचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) तसा निघाला, तो लागला की जिन्याचा दिवा बहिरा. मीटरवर गिळणाऱ्याने सिग्नल खाली येतो, ओरडणाऱ्याने नॉइज वर जातो. उपाय दोन्हीला एकच, मधे प्लग-इन फिल्टर, फक्त त्याचे अँपिअर बघून घ्या. बाथरूमचा ड्रायव्हर मी सरळ बदलला.

आणि हाउस कोड, म्हणजे पत्त्यातलं अक्षर, ए ठेवू नका. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजारच्या घरात सिग्नल जाऊ शकतो आणि बहुतेक सामान ए वरच सेट होऊन येतं.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो, वर्कशॉप असेल त्याने तर नक्की वाचा. साधं एक्स-१० मॉड्यूल उलट उत्तर देत नाही. कॉम्प्युटरला वाटतं फॅन बंद झाला, खरं काय ते तिथे जाऊनच कळतं. दुसरं म्हणजे फॅनसारख्या वस्तूंसाठीच्या अप्लायन्स मॉड्यूलमधला रिले (विजेवर चालणारा स्विच) लाइट गेली तरी आहे त्याच स्थितीत राहतो, चालू असेल तर लाइट आल्यावर परत चालूच. फॅनला हे चालतं. लेथला, करवतीला, ग्राइंडरला अजिबात नाही. लाइट गेली, तुम्ही पात्यावर अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि लाइट आली तर? माझ्या सगळ्या मशीनना नो-व्होल्टचे स्टार्टर आहेत, लाइट गेली की पडतात आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाहीत, आणि ऑटोमेशन त्यांच्या जवळपाससुद्धा नाही. डस्ट कलेक्टर जोडायचा मोह खूप झाला, तोही सोडला. दिव्यांसाठीच्या लॅम्प मॉड्यूलवर तर मोटर कधीच लावू नका, आत ट्रायॅक डिमर (दिवा मंद करणारं सर्किट) असतो, मोटर आणि मॉड्यूल दोन्ही खराब व्हायची भीती.

हेच आज नव्याने करणाऱ्याने २००५ साली आलेल्या इन्स्टिऑनच्या पद्धतीचा अभ्यास जरूर करावा, त्यात वायरबरोबर रेडिओही आहे, प्रत्येक मॉड्यूल निरोप पुढे पाठवतं आणि मिळाल्याची पोचही देतं. वर्कशॉपमधल्या इंटरनेटसाठी मी विजेच्या वायरवरूनच इंटरनेट नेणारे होमप्लगचे अडॅप्टर लावलेत, ते २ मेगाहर्ट्झच्या वर चालतात, एक्स-१० शी त्यांचं भांडण होत नाही, फक्त ते सर्ज प्रोटेक्टरवाल्या एक्स्टेंशन बोर्डवर न लावता सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा.

सध्या डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, कोणत्या एमसीबीवर काय आहे, कुठे फिल्टर आहे, मीटरवर शेवटचा आकडा किती होता. नवीन काहीही प्लगमध्ये लावलं की आधी मीटर, मग कागदावर नोंद. काल आईने मिक्सर नवीन घेतला, तिनेच हाक मारली, "अरे, ते तुझं मीटर घेऊन ये." आकडा जागचा हलला नाही.