खाली वाकलेला आलेख

आलेख खाली वाकला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच.

असं होत नाही ना! डायटम म्हणजे सिलिकेचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं; त्यांची कवचं समुद्राच्या तळाशी साचतात आणि साचता साचता विरघळतात, कारण समुद्राचं पाणी सिलिकेच्या बाबतीत कायम भुकेलेलं. गाळात टिकून पुरली जाणारी सिलिका पृष्ठभागाजवळ तयार होणाऱ्या सिलिकेच्या जेमतेम 3 टक्के. गाळाच्या कणांच्या फटींमधल्या पाण्यात सिलिसिक आम्ल, म्हणजे विरघळलेली सिलिका, वरच्या 10–20 सेंटीमीटरांत झरझर चढतं आणि मग सपाट होतं. माझ्या कोअरमध्ये, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नळकांड्यात, ते चढलं, आणि तळाकडे पुन्हा उतरलं.

कारण माझ्याकडे तयारच होतं. विरघळलेली सिलिका ॲल्युमिनियम, पोटॅशियम ओढून घेऊन नवी चिकणमाती बनवते. ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या गाळात हे 1995 साली दाखवलं गेलंय. म्हणजे माझ्याही गाळात सिलिका कुणीतरी खातंय! संध्याकाळपर्यंत स्लाइडसुद्धा तयार झाली, वर लाल बाण.

त्या उत्साहात उरलेले नमुने फ्रीजरमध्ये परत ठेवायचे राहूनच गेले. सकाळी वाया घालवण्यापेक्षा पुन्हा मोजून टाकू म्हटलं. सिलिसिक आम्लाला धरणारं मॉलिब्डेट घातलं, मग निळा रंग आणणारं क्षपणकारक, आणि वाट बघत बसले; जितकं आम्ल जास्त, तितका रंग गडद. तळाच्या नमुन्यांचा रंग चढत चढत गडद निळा झाला. काल त्याच नळ्या फिक्या होत्या. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीची ठरावीक प्रमाणाची द्रावणं, मात्र कालच्यासारखेच.

मॅडमना दाखवलं. त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही.

“अगं, नमुने फ्रिजमध्ये होते की फ्रीजरमध्ये?”

“फ्रीजरमध्ये. नायट्रेटचे ठेवतो तसेच.”

“मग झालं तर.”

गोठताना सिलिसिक आम्लाचे रेणू एकमेकांना चिकटून साखळ्या होतात आणि मॉलिब्डेट सुट्या रेणूंनाच धरतं. जिथे सिलिका जास्त, तिथे साखळ्याही जास्त. म्हणून फसवणूक नेमकी तळाच्या नमुन्यांत. वितळल्यावर त्या सुटतात, पण सावकाश. मी काल वितळल्या वितळल्या मोजायला बसले होते.

आणखी एक दिवस थांबून मोजलं, आलेख शहाण्यासारखा सपाट आला.

गंमत म्हणजे तो सपाट झाला तरी शुद्ध ओपलच्या (कवचं ज्याची बनतात त्या सिलिकेच्या) विद्राव्यतेच्या बराच खाली. तिथे खरंच ॲल्युमिनियमचा हात असतो: मातीतून सुटून कवचांत शिरतं आणि त्यांना विरघळू देत नाही. लाल बाण पुसला, स्लाइड ठेवली.