तुम्ही विचारलंत म्हणून: विक्रेता फारच गोड बोलत असेल तर?

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाला जाऊन आलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. तिथले विक्रेते असे गप्पिष्ट आणि लाघवी की आपण कपाट विकत घेतोय की कपाटाची गोष्ट, तेच कळेनासं होतं. मग त्यांच्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा की नाही?

ठेवायचा, पण ऐकता ऐकता वस्तू उलटी करून बघायची. गोड बोलणारा खोटंच बोलतो असं मुळीच नाही. या धंद्यात वर्षानुवर्षं टिकलेली बरीच माणसं वस्तूंच्या वेडापायीच त्यात आलेली असतात आणि त्यांना ऐकणारा हवा असतो. ते मनापासून बोलतात म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य खरं ठरत नाही, एवढंच. कित्येकदा त्यांनाही ती गोष्ट आधीच्या मालकानेच सांगितलेली असते.

“किती जुनी आहे?” हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर ठरलेलं असतं: शंभर वर्षं. त्यापेक्षा “यात काय काय बदललंय?” असं विचारा. जाणकार विक्रेता लगेच दाखवू लागेल: ही बिजागरी नवी, मागची फळी बदललेली, पॉलिश पुन्हा केलेलं. “सगळं मूळचंच आहे” असं उत्तर आलं तर मात्र जरा थांबा. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या फर्निचरमध्ये काहीच बदललेलं नसणं फार दुर्मिळ. दुसरा प्रश्न, “हे कशावरून?” तो विचारल्यावर विक्रेत्याचा हात कुठे जातो ते बघा. जोडाकडे किंवा तळच्या ठशाकडे गेला तर ऐकण्यासारखं काही आहे. तो पुन्हा आधीच्या मालकाच्या आजीकडेच वळला, तर गोष्ट छान, पुरावा शून्य.

लाकडी वस्तूत सगळ्यात बोलका भाग म्हणजे ड्रॉवर. विचारून तो पूर्ण बाहेर काढा आणि टॉर्च लावा. कोपऱ्यावरचे डव्हटेल जोड (कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले) हाताने कापलेले असतील तर दात थोडे कमीजास्त रुंद असतात, आणि सुताराने मापासाठी ओढलेली बारीक रेघ बहुधा तशीच राहिलेली दिसते. एकसारखे, मोजून मारल्यासारखे दात मशीनचे, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचे. तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा कमानीसारख्या असतील तर ती यंत्राच्या गोल पात्यावर कापलेली. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात. अधिक चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. असा एखादा असेल तर दुरुस्ती झाली म्हणायचं. सगळेच तसे असतील तर वयाचा दावा विसरा.

आता ड्रॉवरच्या खालच्या कडा बघा. सरकून सरकून त्या झिजलेल्या असतात आणि तेवढीच झीज कपाटाच्या आतल्या पट्टीवरही हवी. एक झिजलंय आणि दुसरं कोरं, तर या दोघांची गाठ अलीकडेच पडलीय. आतल्या बाजूला हँडलची बुजवलेली जादा भोकं असतील तर हँडल बदललेलं. त्याने वस्तू बाद होत नाही, किंमत उतरते. आणि आतलं लाकूड सगळीकडे एकसारखं तपकिरी असेल तर संशय घ्या. जुनं लाकूड हवा लागते तिथे काळवंडतं, झाकलेल्या जागी फिकट राहतं. रंग कोणीतरी लावल्याशिवाय तो एकसारखा येत नाही.

किडीची भोकं म्हणजे जुनेपणाचा दाखला, असं ऐकवलं जातं. फर्निचरच्या भुंग्याची भोकं एक-दोन मिलिमीटरची, गोल असतात. वस्तू हलक्या हाताने ठोका. फिकट, ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, घरातल्या इतर लाकडाशेजारी ती नेऊ नका. भोकांऐवजी पृष्ठभागावर लांब नाळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या, तर लाकूड किडल्यानंतर कापलंय. म्हणजे लाकूड जुनं, टेबल नवं.

चिनीमातीच्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावू नये. उचलताना दोन्ही हातांनी, बुडाखालून, कानाला धरून कधीच नाही. नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर तडा किंवा जोड आहे. खिशात छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर दुरुस्तीचा रंग त्यात बहुधा वेगळा चमकतो आणि युरेनियमची काच (रंगासाठी युरेनियम मिसळलेली) हिरवीगार पेटते. जुनं म्हणून दाखवलेलं पोस्टर या टॉर्चखाली निळसर पांढरं झळकलं, तर कागद १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा समजा. फक्त तळच्या ठशांवर मात्र विसंबू नका. अमेरिकेत पाठवलेल्या जपानी भांड्यांवर १८९१ ते १९२१ ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) लिहीत, हे नकली ठसे मारणाऱ्यांनाही पाठ आहे.

(चमकत्या काट्यांची जुनी घड्याळं उघडून बघू नका. त्यातला रेडियमचा रंग आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, आणि त्याची पूड श्वासात जाणं वाईट.)

मैदानाच्या स्वतःच्या खोडी असतात. लाल-निळ्या ताडपत्रीखाली रंग फसवतात, वस्तू उजेडात आणून बघा. जमीन उंचसखल, त्यामुळे टेबल डुगडुगलं तर दोष पायाचा की मातीचा ते कळत नाही. ते सपाट फळीवर ठेवायला सांगा. लंबकाचं घड्याळ तिरकं उभं असेल तर बंद पडणारच, त्यावरून ते बिघडलेलं ठरवू नका. विजेची सोय बहुधा नसते, म्हणून दिवा किंवा रेडिओ चालू स्थितीत आहे असं धरून पैसे देऊ नका. कापडी वेष्टनाच्या तारा तर बदलाव्याच लागतात.

घासाघीस थोडक्यात करावी. वस्तूला नावं ठेवून भाव उतरत नाही, विक्रेता दुखावतो आणि गप्प होतो. “दोन्ही घेतल्या तर कितीला?” हे जास्त उपयोगी पडतं. मोबाईलला रेंज नसण्याची शक्यता धरून रोख जवळ ठेवा. पावतीवर फक्त ‘जुनं कपाट’ नको. त्याने तोंडी सांगितलेला काळ, लाकूड आणि दुरुस्त्या त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. गोड बोलणं तिथे कसं आखडतं, ते बघण्यासारखं असतं.

नेताना लंबक काढून वेगळा गुंडाळा. संगमरवरी लादी आडवी नेलीत तर मधोमध तडकते, उभीच न्यावी. बांधायला मात्र विक्रेत्यालाच सांगा. कुठला पाय ढिला आहे ते त्याला माहीत असतं आणि दोरी बांधताना तो ते बोलून जातो. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, “हे बांधणार कसं?”