प्लॉटचा भाव विचारण्याआधी सातबारा मागा

आमच्याकडे मराठवाड्यात पहिल्यांदा गुंतवणूक करणारा माणूस बहुधा प्लॉटच घेतो. शेंद्रा-बिडकीनचा औद्योगिक पट्टा आणि जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग यांच्या नावाने छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या आसपास बरीच शेते चुन्याच्या रेघांनी आखली गेली आहेत. तिथे गेल्यावर मध्यस्थ आधी भाव सांगतो, मग होणाऱ्या रस्त्याची रुंदी सांगतो. सातबारा मात्र मागितल्याशिवाय दाखवत नाही, म्हणून तो आपण आधी मागावा.

सातबाऱ्यावर मालकाचे नाव वाचून समाधान मानू नये. भूधारणा पद्धतीच्या जागी ‘भोगवटादार वर्ग 2’ असे लिहिले असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुतेक वेळा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांशिवाय ती जमीन विकता येत नाही. मराठवाड्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन), देवस्थान व वक्फ यांच्या जमिनींचा इतिहास गावोगावी शिल्लक आहे. म्हणून इथला जाणता वकील मालकीच्या तीस वर्षांच्या शोध अहवालावर थांबत नाही, तो खासरापत्रक आणि पहाणीपत्रके हे जमिनीचे जुने महसुली अभिलेखही काढायला लावतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, न्यायालयातील दावा किंवा बहिणींचा हिस्सा यांपैकी काही दिसले, तर त्यासमोर लिहिलेल्या क्रमांकाचा फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) काढून तो मुळातून वाचावा. ‘ते नाव कमी करून देऊ’ हे तोंडी आश्वासन इसारपावतीपूर्वी कागदावर उतरले पाहिजे, आणि उतरत नसेल तर व्यवहार तिथेच सोडलेला बरा.

सर्वांत स्वस्त मिळतो तो गुंठेवारीचा प्लॉट. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे मंजूर रेखांकनाशिवाय (लेआउटशिवाय) आणि पुष्कळदा नुसत्या बाँडवर नोटरी करून विकले जातात. नोटरीने मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेले खरेदीखतच लागते. 2001 च्या कायद्याने जुन्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट दिली आणि पुढे तिची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवण्यात आली, पण ‘पुढेमागे नियमित होईलच’ या भरवशावर आज नवा तुकडा घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. अशा प्लॉटवर कर्ज मिळणे कठीण असते आणि ज्यावर कर्ज मिळत नाही त्याला विकताना गिऱ्हाईकही थोडेच मिळते. त्यापेक्षा अकृषिक (बिगरशेती) वापर कायदेशीर असलेला आणि मंजूर रेखांकनातला लहान प्लॉट महाग पडला तरी घ्यावा.

प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट किंवा सदनिका आठांहून अधिक असतील, तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक त्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला मागता येत नाही.

भाड्यासाठी सदनिका घेणाऱ्याने गणित कोरडेपणाने मांडावे. चाळीस लाखांच्या सदनिकेला महिना दहा हजार भाडे आले, तर वर्षाचे उत्पन्न तीन टक्के होते, आणि त्यातूनच मालमत्ता कर, देखभाल व रिकामे महिने भागवायचे असतात. लातूरमध्ये शिकवणी वर्गांजवळच्या खोल्यांना मागणी असते, पण ती शैक्षणिक वर्षाप्रमाणे वरखाली होते. शिवाय 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नळाला किती दिवसांनी पाणी येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का आणि टँकरचा खर्च कोण देतो, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्यांची उत्तरे विकणाऱ्याकडून नव्हे, तर त्याच इमारतीतील भाडेकरूकडून घ्यावीत, आणि तीही मे महिन्यात.

खुला प्लॉट घेतला असेल तर खरेदीनंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत, तारेचे कुंपण घालावे आणि फेरफार मंजूर होऊन आपले नाव अभिलेखावर येईपर्यंत तलाठी कार्यालयाचा पाठपुरावा सोडू नये.