मेव्हण्याचा जामीनदार झालो तेव्हा

माझ्या मेव्हण्याला दारू पिऊन मोटरसायकल चालवताना नाकाबंदीत पकडलं, त्या रात्री आमच्या घरात प्रत्येकाकडे एक ‘आपला माणूस’ होता. कुणाचा साडू मुंबईला साहेबाच्या हाताखाली, कुणाचा वर्गमित्र हवालदार, कुणाच्या गावचे माजी सभापती. मेव्हणा धरणगावकडच्या एका हळदीहून परतत होता. मी जळगावातून निघून पोलीस ठाण्यात पोहोचेपर्यंत फोनवर असे बरेच नंबर येऊन पडले होते. त्यातला एकही लावला नाही, वकिलाला फोन केला. श्वास तपासायच्या यंत्रातून चिठ्ठी निघालेली असते, तिच्यावर वेळ आणि आकडा छापलेला असतो. माजी सभापतींच्या फोनने तो आकडा खाली येत नाही.

वकील झोपेतच होते, पण बोलले मुद्द्याचं. गुन्हा जामीनपात्र आहे, घाबरू नका. आधार कार्ड, फोटो आणि शेत नावावर असेल तर सातबारा घेऊन जा. तपासणीला नाही म्हणू देऊ नका. आणि तिथे आवाज चढवू नका. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. मेव्हण्याचा आकडा तिच्या कितीतरी वर होता, त्यामुळे ‘एकच पेग घेतला होता’ हा विषय तिथेच संपला. श्वासाची तपासणी द्यायची नाही, म्हणजे पुरावाच राहणार नाही, असंही आमच्याकडे सर्रास सांगतात. ते उलटं पडतं. सबळ कारण नसताना दिलेला नकार आरोपाला पूरक पुरावा म्हणून धरता येतो.

ठाण्यातून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, मी मागोमाग गेलो. या गुन्ह्यात अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. कलम २०२ मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणून अटकेची वेळ आणि दवाखान्यातल्या नोंदीची वेळ मी मोबाइलवर टिपून ठेवली. आमच्या बाबतीत सगळं वेळेत झालं, पण नातेवाइकाने टिपायची गोष्ट असेल तर ही. डॉक्टरांनी तोंडाचा वास, डोळे, बोलणं, चालणं असं बघून कागदावर लिहिलं. मग रक्त काढलं. कातडी पुसताना स्पिरिट वापरलं नाही. त्यात अल्कोहोलच असतं, नमुन्यात मिसळलं तर पुढे वाद होतो. बाटली सीलबंद झाली, प्रयोगशाळेकडे जायला.

तोवर सासरे आले. घरात त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. उभा जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस, पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढलेला. त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘जवाईबापू, पोऱ्याले मारतीन का हो?’’ ठाणे अंमलदाराने तो ऐकला आणि स्वतःच म्हणाला, ‘‘बाबा, बसा. पाणी घ्या. कागद झाले की घेऊन जा पोराला.’’ माझं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण या बाबतीतला हक्क तोच राहिला. अटकेचं कारण सांगायचं, नातेवाइकाला कळवायचं, जामीनपात्र गुन्हा असेल तर जामिनाचा हक्क आहे हेही सांगायचं, आणि सोडलं नाही तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. अटकेत असलेल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन १५१००.

मेव्हण्याने जातमुचलका, म्हणजे तारखेला हजर राहीन अशी स्वतःची लेखी हमी, लिहून दिला. जामीनदार म्हणून सही माझी. तारखेला तो आला नाही तर बंधपत्रातली रक्कम माझ्याकडून वसूल होऊ शकते, हे सही करताना लक्षात असू द्यावं. नातं बायकोच्या माहेरचं असेल तर नाही म्हणायची सोय नसते, तरी कागद वाचायची असते. मी वाचला. गाडीचा नंबर लिहिताना एक आकडा चुकला होता, तो तिथेच दुरुस्त करून घेतला.

मोटरसायकल मात्र त्या रात्री मिळाली नाही. माझं लायसन्स होतं, मी थेंबही घेतला नव्हता, तरी जप्तीत दाखवलेली गाडी कोर्टाच्या आदेशाशिवाय देता येणार नाही म्हणाले. अर्ज मालकानेच करायचा, आणि आरसी बुकावर नाव जिभाऊंचं. आरसी, विमा, मालकाचं ओळखपत्र जोडून वकिलांनी अर्ज दिला आणि सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, गाडी सुटली. मध्ये एक गंमत झाली. गाडीची पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, संपलेली निघाली. ती काढायला गाडी केंद्रावर न्यावी लागते, आणि गाडी तर ठाण्याच्या आवारात धूळ खात उभी! वकिलांनी ‘गाडी सुटताच काढतो’ असं लिहून दिलं तेव्हा सुटलं ते कोडं.

मालकाला आणखी एक जपावं लागतं. चालवणारा प्यायलेला आहे हे माहीत असून गाडी हातात दिली तर कलम १८८ खाली त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. जिभाऊ त्या संध्याकाळी बागेला पाणी भरत होते. पोराने चावी कधी उचलली तेही त्यांना ठाऊक नव्हतं. जबाबात तेवढंच, जसंच्या तसं, सांगितलं.

कोर्टाच्या तारखेआधी सल्ल्यांची दुसरी फेरी झाली. ‘ऑनलाइन भरून टाक, ई-चलानसारखं.’ हा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटवण्याच्या यादीत नाहीच, तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच जातो. पहिल्या वेळेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. वकिलांनी दोन्ही वाटा समोर ठेवल्या. लढायचं तर यंत्राची तपासणी कधी झाली होती, चिठ्ठीवरची वेळ जुळते का, नमुन्याचं सील, हे सगळं उकरता येतं. कबूल करायचं तर लवकर सुटका, पण ती दोषसिद्धी असते. नोकरीच्या फॉर्मवर विचारतात तेव्हा ‘नाही’ लिहिता येत नाही. मेव्हणा एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये कामाला आहे, सरकारी भरतीचं वय निघून गेलेलं, आणि आकडा इतका स्पष्ट. त्याने कबूल केलं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला नीट विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर नाही ना, अर्थ समजतो ना. दंड झाला, कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या नाझरकडे भरला, पावती घेतली. जिभाऊ बाहेर आल्यावर एवढंच बोलले, ‘‘पैसा गया ते गया, नाव बी गयं.’’

इथे बहुतेकांना वाटतं, संपलं. खरा त्रास लायसन्सचा. पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि त्याबदल्यात पोच देतात. ती खिशात असली की चालवायला हरकत नाही असं मेव्हणा धरून चालला होता. या गुन्ह्यातल्या पोचीवर गाडी चालवता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. आरटीओची नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि पहिल्या गुन्ह्याला तीन महिने लायसन्स बंद. दुसऱ्यांदा झालं तर रद्दच. बंद असताना चालवताना सापडलं तर पुन्हा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही, म्हणजे नवं प्रकरण. तेवढे दिवस तो कालीपिलीने दालमिलला गेला. रात्रपाळी सुटली की कालीपिली नसायची, मग कुणाच्या तरी मागे बसून.

आमच्याकडे कुणाला खरचटलंही नव्हतं, म्हणून प्रकरण एवढ्यावर राहिलं. अपघात झाला असता तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागली असती, आणि प्यालेल्या चालकाच्या गाडीचं नुकसान विमा कंपनी भरून देत नाही.

लायसन्स परत घेण्याआधी चालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आरटीओत जाताना त्याचं प्रमाणपत्र, कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती आणि पोलिसांची पोच, सगळ्याच्या झेरॉक्ससह मूळ कागद न्या. प्रमाणित प्रतीसाठी नकलेच्या विभागात अर्ज करावा लागतो. तो दंड भरला त्याच दिवशी दिला तर पुन्हा कोर्टाची चक्कर होत नाही.