आमची वाटचाल : श्रॉपशरच्या थंडीतल्या नेरीन

वेल्सच्या सीमेलगत, श्रॉपशर परगण्यात आमची नर्सरी आहे. नेरीन, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं शरदात फुलणारं कंदाचं फूलझाड, हे मुख्य पीक; जोडीला अगापँथस आणि थोडे क्रायनम ही फुलझाडं. राहुरीला कृषी पदवी घेताना ग्लॅडिओलस शिकले होते. तोही मूळचा बराचसा दक्षिण आफ्रिकेतला, पण नेरीनचं नाव तेव्हा कुणी घेतलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले. ऑक्टोबरात बाकीच्या बागेने माना टाकलेल्या असताना दगडी भिंतीच्या पायथ्याशी बोडेनी जातीची गुलाबी नेरीन फुललेली पाहिली आणि पुढचा धंदा ठरला.

पुण्या-नाशकातले नातेवाईक अजून विचारतात, आफ्रिकेची झाडं त्या गारठ्यात जगतात कशी? बोडेनी ही दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप आणि ड्रेकन्सबर्गच्या डोंगरातली. तिथे बर्फ पडतो. उन्हाळी पावसावर वाढायचं आणि हिवाळ्यात पानं टाकून झोपायचं, हा तिचा स्वभाव. केपमधले भूमापक कॉर्निश-बोडेन यांनी तिचे कंद डेव्हनमधल्या न्यूटन ॲबटला आईकडे पाठवले आणि १९०४ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. सार्नीएन्सिस या नेरीनच्या दुसऱ्या जातीचं चक्र बरोबर उलटं. ती केप टाउनच्या टेबल माउंटनची, हिवाळी पावसाची. थंडीत पानं, उन्हाळ्यात कोरडी झोप, आणि दंव मुळीच खपत नाही. पण तिच्या लाल-केशरी पाकळीवर ऊन पडलं की सोन्याचे कण चमकतात. ती चमक आणि बोडेनीचा काटकपणा एका कंदात आणायचा, एवढ्यासाठी आम्ही संकर करतो.

आमची हत्यारं साधी आहेत. टोकदार चिमटा, बारीक ब्रश, दोऱ्याच्या चिठ्ठ्या आणि शिसपेन्सिल. मार्करची अक्षरं उन्हाने उडतात, पेन्सिलीची टिकतात. कळी उमलताच परागकोश फुटण्याआधी चिमट्याने काढायचे. पराग औषधाच्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरायचे, कॅप्सूल सिलिका जेलबरोबर डबीत आणि डबी फ्रीझरमध्ये. म्हणजे एक जात आधी फुलली आणि दुसरी मागाहून, तरी अडत नाही. बी मांसल आणि हिरवं असतं, कधी झाडावरच मोड काढतं. ते वाळवून पाकिटात ठेवाल तर मेलंच समजा. हाताला लागलं की मातीवर नुसतं टेकवायचं. त्यानंतर पहिलं फूल दिसायला तीन ते पाच वर्षं, आणि बहुतेक रोपं त्या दिवशी टाकून द्यावी लागतात. निवडलेल्या कंदाच्या उभ्या फोडी करायच्या, प्रत्येक फोडीला खालच्या चकतीचा तुकडा राहिलाच पाहिजे. ओलसर व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे ओल धरणाऱ्या हलक्या खनिजाच्या, पिशवीत विसेक अंश तापमानात त्या ठेवल्या की खवल्यांच्या बेचक्यात नवे कंद धरतात. फोडी करायला मी अजूनही राहुरीचाच कलम-चाकू वापरते, पातं प्रत्येक कंदानंतर स्पिरिटने पुसून. विषाणू चाकूवरून पसरतो. नेरीन लावणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावं.

आमचे पहिले गिऱ्हाईक एक निवृत्त शाळामास्तर. आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो, आणि त्यांनाही ते आवडायचं. दर शरदात एकच कंद घ्यायचे, पण कोणता, कोणत्या संकराचा, आई कोण, बाप कोण, सगळं वहीत तारखेसह उतरवायचे. कंदापाठोपाठ आमच्या कॅटलॉगातल्या चुकाही लाल शाईने दुरुस्त करून पाठवायचे.

मग आला २०१० चा डिसेंबर. ब्रिटनच्या १९१० पासूनच्या नोंदींत याहून थंड डिसेंबर नाही. आमच्याकडे रात्री पारा उणे दहाच्याही खाली जात होता. बोडेनी बाहेर पेंढ्याखाली निवांत होत्या. प्रश्न काचघराचा होता. सार्नीएन्सिसचा सगळा मातृसंग्रह तिथे, ऐन पानांवर, आणि हीटर तेलावर चालणारा. तेल आगाऊ मागवलेलं होतं. पुरवठादाराने रोज उद्याचा वायदा केला. रस्ते बंद आहेत म्हणाला, आणि त्याच आठवड्यात वरच्या रस्त्यावरच्या मोठ्या घरी त्याचा टँकर उभा असलेला मी पाहिला. भाव तर चढतच होते. टाकी कोरडी पडली तेव्हा आम्ही घरातल्या रजया, गालिचे, पॅराफिनच्या शेगड्या, सगळं काचघरात नेलं. तरी सकाळी पानं काळीनिळी, शिजवलेल्या पालेभाजीसारखी लिबलिबीत झाली होती. कंद वरून घट्ट लागत, दाबले की आतून पाणी. बहुतेक संग्रह गेला. त्या पुरवठादाराने बिल मात्र वेळेवर पाठवलं.

जानेवारीत मास्तरांची गाडी दारात आली. मागच्या सीटवर खोकी. आमच्याकडून घेतलेल्या कंदांना त्यांच्याकडे पिल्लं धरली होती. त्यांनी ती सुटी करून, नावं लिहून आणली होती. पैशाचा विषय काढू दिला नाही. आज आमच्याकडे जी लाल नेरीन आहे ती त्या खोक्यांतून आलेली.

पुढची काही वर्षं कामात गेली. त्याच खोक्यातल्या एका कंदावर बोडेनीचे पराग वापरून आम्हाला 'अबोली' मिळाली : अबोलीच्याच रंगाची, पाकळीवर बारीक सोनेरी कण, आणि भिंतीच्या आडोशाला दंव सोसणारी. आम्ही ती थोडी थोडी विकू लागलो. दोन हंगामांनी एका मोठ्या ठोक व्यापाऱ्याच्या कॅटलॉगात तीच नेरीन, दुसऱ्या नावाने, 'नवीन संशोधन' म्हणून. प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन करून हजारोंनी काढलेली, आमच्या निम्म्या किमतीत. त्यांच्या माणसाने आमच्या स्टॉलवर कंद घेतले तेव्हा मीच पावती केली होती. मास्तरांनी आपली वही काढली, तारखा दाखवल्या. वकिलाने वाचून मान डोलावली आणि वही परत केली. वाणाच्या नावाची नोंद हॉलंडमधल्या कंद-उत्पादकांच्या संघटनेकडे होते, ती आम्ही केली होती, पण तिने मालकी मिळत नाही. मालकी पैदासकाराच्या हक्काने, म्हणजे नवा वाण काढणाऱ्याला कायद्याने मिळणाऱ्या एकाधिकाराने, मिळते. आणि ब्रिटनमध्ये पहिल्या विक्रीनंतर वर्ष उलटलं की तो वाण 'नवा' राहत नाही, अर्जच चालत नाही. कायद्याने आमचं काही नव्हतं. मी त्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. पुढच्या प्रदर्शनात त्यांच्या टेबलावर अबोलीला पहिल्या बक्षिसाचं कार्ड लागलेलं मी स्वतः वाचलं.

म्हणून संकर करणाऱ्या प्रत्येकाला सांगते : आधी अर्ज, मग विक्री. वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता यांच्या चाचण्यांना फी लागते, वेळ लागतो. लागू द्या. आणि लावणाऱ्यांना : बोडेनीच्या कंदाची मान मातीच्या वर ठेवा, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी जागा द्या, नत्र देऊ नका, आणि दाटी झाली म्हणून लगेच उपटू नका. दाटीतच ती भरून फुलते.

मास्तर आता नाहीत. वही त्यांच्या मुलीने आमच्याकडे दिली, ती कार्यालयात आहे, ज्याला बघायची त्याने बघावी. अबोलीची एक बहीण, रंगाने अधिक लाल, चाचणीला गेली आहे. हक्क हाती येईपर्यंत तिचा कंद, पराग किंवा फोटो कुणालाही मिळणार नाही. खरी अबोली सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या दारात मिळेल, चिठ्ठीवर पेन्सिलीने आई-बापाचं नाव लिहिलेली. ठोक खरेदीसाठी कुणी फोन करू नये.