शेफील्डच्या कड्यांवर बोल्ट का नाहीत

इंग्लंडमधल्या शेफील्डहून होप व्हॅलीची गाडी पकडली की वीसेक मिनिटांत हॅदरसेज येतं. गावामागच्या टेकाडावर काळपट ग्रिटस्टोनची, म्हणजे खरखरीत वालुकाश्माची, एक लांबच लांब भिंत दिसते, तीच स्टॅनेज एज. लांबी सहा किलोमीटरच्या आसपास, उंची मात्र बहुतेक ठिकाणी दहा ते वीस मीटर. लिंगाणा किंवा कोकणकडा बघितलेल्या माणसाला हे बुटकंच वाटणार. पण एवढ्याशा उंचीत हजारावर चढाईच्या वाटा नोंदवलेल्या आहेत, आणि या भिंतीवर बोल्ट, म्हणजे भोक पाडून कातळात कायमचा बसवलेला आधार, मारायचा नाही हे इथे ठरलेलं आहे. त्यासाठी कायदा नाही, दंडाची पाटी नाही. क्लाइंबर मंडळींनीच पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला संकेत आहे आणि ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल, म्हणजे बीएमसी, त्याच्या पाठीशी उभी आहे.

इथल्या लोकांना बोल्टचं वावडं आहे असंही नाही. चुनखडीच्या कड्यांवर, इथल्याच रेव्हन टॉरला किंवा यॉर्कशरमधल्या मालम कोव्हला, बोल्ट मारलेल्या स्पोर्ट वाटा भरपूर आहेत. हॉर्सशू क्वारी नावाची जुनी खाण तर खुद्द बीएमसीच्या मालकीची आहे आणि तिथे सगळं बोल्टवरच चालतं. तेव्हा प्रश्न असा, की हाकेच्या अंतरावर बोल्टच्या वाटा असताना इतकी माणसं कमरेला चार-पाच किलोचं लोखंड-अॅल्युमिनियम लटकवून ग्रिटवर का येतात?

फरक आधी सांगून टाकू. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये दर दोन-तीन मीटरवर बोल्ट आधीच मारलेला असतो. लीड करणारा, म्हणजे पुढे चढणारा, वर जात त्यात क्विकड्रॉ (दोन्ही टोकांना कड्या असलेली छोटी पट्टी) अडकवतो, दोर क्लिप करतो, पुढे जातो. ट्रॅड, म्हणजे पारंपरिक, क्लाइंबिंगमध्ये कातळ कोरा असतो. भेगा, कपारी, खोबणी बघून लीडरनेच तात्पुरते आधार बसवायचे, दोर त्यातून न्यायचा, आणि मागून येणाऱ्या सेकंडने ते सगळे काढून आणायचे. दोघं गेल्यावर मागे उरते ती फक्त खडूची पूड.

‘असं करायला धाडस लागतं’, हे उत्तर घरच्या लोकांकडून लगेच येतं. धाडस लागतं, पण ट्रॅडवाल्यांना विचारलंत तर ते धाडसाबद्दल फार बोलत नाहीत. ते बोलतात ‘गिअर’बद्दल. कुठल्या भेगेत काय बसलं, कुठे बसता बसलं नाही, कुठल्या नटवर भरवसा होता आणि कुठला नुसता मनाच्या समाधानाला होता. स्पोर्टमध्ये सुरक्षेचा विचार कुणीतरी आधी करून ठेवलेला असतो, तुम्हाला हालचालींवर लक्ष देता येतं. ट्रॅडमध्ये चढणं आणि आधार शोधणं हे एकच काम होऊन बसतं. ज्यांना हे काम आवडतं त्यांना नुसत्या बोल्टच्या वाटेवर हात रिकामे वाटायला लागतात.

नट म्हणजे तारेच्या फासाला ओवलेली अॅल्युमिनियमची पाचर. एक ते दहा किंवा अकरा नंबरचा संच घेतात. भेग शोधायची ती खाली निमुळती होत जाणारी. रुंद भागातून नट आत घालायचा, खाली ओढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजू कातळाला नीट टेकल्यात का ते वाकून बघायचं. कडेला नुसता स्फटिकाचा एखादा दाणा अडलेला असेल तर तो नट दिसायला बसलेला, ओढ आली की निसटणारा. मग एक जोरकस हिसका द्यायचा. फार जोरात दिला तर सेकंडला तो काढताना नट-की (आकडीचं चपटं हत्यार) घेऊन पाच मिनिटं खरवडत बसावं लागतं, आणि वरून शिव्या ऐकाव्या लागतात. मोठे नट १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे बाराशे किलो वजनाच्या, आसपास भार झेलतात, संचातले सगळ्यात छोटे त्याच्या निम्म्यापर्यंत. बोल्टची ताकद वीस-पंचवीस किलोन्यूटन असते. पण नटचा आकडा धातूचा असतो, कातळाचा नाही. बसवणी वाईट असेल तर बारा किलोन्यूटन कागदावरच राहतात.

दोन्ही कडा समांतर असलेल्या भेगेत नट घसरतो. तिथे कॅम लागतो, म्हणजे दांड्याच्या टोकाला स्प्रिंगवर मिटणाऱ्या-उघडणाऱ्या पाकळ्या असलेलं साधन. रे जार्डिन या अमेरिकन क्लाइंबरनं योसेमिटीत वापरून पाहिलेली ही कल्पना मार्क व्हॅलन्सनं डर्बीशरमध्ये उत्पादनात आणली, आणि १९७८ साली ‘फ्रेंड्स’ या नावाने ते बाजारात आले. घोडा ओढला की चार पाकळ्या मिटतात, सोडला की उघडून भिंतींना भिडतात. पाकळ्यांची वळणदार कड अशी कापलेली असते की कॅम मिटलेला असो वा उघडलेला, कातळाशी होणारा कोन तोच राहतो. बऱ्याच कॅममध्ये हा कोन १३.७५ अंशांचा असतो. त्यामुळे खाली जितकी ओढ बसेल त्याच्या साधारण दुप्पट जोर प्रत्येक भिंतीवर बाहेरच्या दिशेला पडतो आणि घर्षणाने कॅम धरून राहतो. हिशोबाने घर्षणांक ०.२५ च्या वर हवा. खरखरीत ग्रिटवर तो सहज मिळतो. गुळगुळीत चुनखडी, ओली शेवाळलेली कपार किंवा आत वाळू साचलेली भेग असेल तर मिळेलच असं नाही. शिवाय एवढा बाहेरचा जोर पातळ, सुट्या पापुद्र्यामागे पडला तर पापुद्राच उखडतो. असा पापुद्रा आधी बुक्कीने वाजवून बघतात. पोकळ आवाज आला तर त्याच्यामागे काही घालायचं नाही.

कॅम निम्म्याहून जास्त मिटलेला हवा, पण पार घट्ट नको. पार मिटवून कोंबला तर घोडा ओढायला जागा उरत नाही आणि ५० ते ८० पौंडांचा ऐवज कातळात राहतो. पाकळ्या फार उघड्या राहिल्या तर थोड्याशा हालचालीनेही तो उलटतो. दुसरी भानगड म्हणजे कॅमचं ‘चालणं’. दोराच्या हेलकाव्याने दांडा वरखाली होतो आणि कॅम हळूहळू आत सरकत जातो. उपाय साधा आहे: मध्ये ६० सेंटीमीटरची स्लिंग (पट्टीचा फास) घालून आधार लांबवायचा. बोल्टच्या सवयीचे लोक नेमकं हेच विसरतात, कारण बोल्ट कुठे चालत जात नाही.

भेगेत हात कोंबून, अंगठा तळव्याकडे वळवून, हात फुगवून अडकवायचा याला जॅमिंग म्हणतात. ग्रिटवर याच्याशिवाय गत नाही, आणि नवख्याच्या हाताची साल निघाल्याशिवाय ते येत नाही. सराव झालेल्याला मात्र कुठला कॅम लागेल ते हातच सांगतो. पंजा जेमतेम शिरतोय म्हणजे लाल, साधारण ३० ते ५२ मिलिमीटरचा. पंजा छान बसतोय म्हणजे पिवळा, ३७ ते ६५. मूठ अडकतेय म्हणजे निळा, ५१ ते ८८. अंदाज चुकला तर एका हातावर लटकत तो कॅम परत पट्ट्याला लावायचा आणि दुसरा काढायचा, तोवर मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. म्हणूनच बोल्टवर फ्रेंच ग्रेडची ६बी सहज चढणारा माणूस ट्रॅडची सुरुवात त्याहून कितीतरी सोप्या वाटांवर करतो, निदान करायला हवी.

इथली ग्रेड पद्धतही याच विचारातून आलेली. प्रत्येक वाटेला दोन खुणा असतात. पहिली एकूण गांभीर्याची: डिफिकल्ट, सिव्हिअर, व्हीएस (व्हेरी सिव्हिअर), एचव्हीएस (हार्ड व्हेरी सिव्हिअर), मग ई१, ई२ (ई म्हणजे एक्स्ट्रीम) असं पुढे. दुसरी, सगळ्यात अवघड हालचालीची: ४ए, ४बी, ४सी, ५ए. व्हीएस ४सी हा नेहमीचा जोड. व्हीएस ५ए दिसलं तर समजायचं की एक जागा अवघड आहे, पण बहुधा आधार चांगला मिळतो. एचव्हीएस ४बी दिसलं तर मात्र थांबून विचार करायचा. फ्रॉगॅट एजवरची सनसेट स्लॅब अशीच आहे. हालचाली सोप्या, पण वरच्या भागात आधार बसवायला जागाच नाही. तिथे पाय सटकला तर काय होईल ते त्या ‘४बी’पेक्षा त्याच्याआधीचं ‘एचव्हीएस’ सांगतं. स्पोर्टची फ्रेंच ग्रेड फक्त चढण्याची अवघडता सांगते. तिथे तेवढं पुरतं.

बुटक्या कड्यांचा एक वेगळा घोळ आहे. समजा शेवटचा नट पाच मीटरवर आणि लीडरची कंबर आठ मीटरवर. पडला तर तीन आणि तीन, सहा मीटर खाली. दोराची ढील आणि ताण मिळून आणखी दीड मीटर धरा, की बूड जमिनीला टेकलंच. म्हणून ग्रिटवर बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, नुसता दोर धरून गप्पा मारत बसत नाही. ढील कमीत कमी ठेवतो आणि गरज पडलीच तर उतारावर मागे धावून दोर खेचायची तयारी ठेवतो. सुरुवातीला तो भिंतीलगत उभा राहतो, यालाही कारण आहे. तो लांब उभा असेल तर लीडर पडताच दोर ताठ होतो आणि सगळ्यात खालचा नट बाहेरच्या दिशेला उचकटतो. मग त्याच्यावरचा, मग त्याच्यावरचा, अशी अख्खी रांग सुटत वर जाते. पहिला आधार बाहेरची ओढही सोसेल असा बसवायचा तो यासाठी. वाट आडवी-तिरपी जात असेल तर आठ-नऊ मिलिमीटरचे दोन हाफ रोप घेतात, डावीकडचे आधार एका दोरात, उजवीकडचे दुसऱ्यात. त्यामुळे दोर नागमोडी होत नाही आणि नटांवर आडवी ओढ येत नाही.

माथ्यावर पोचलं की तयार साखळी नसते. तिथे स्वतःचा अँकर उभा करायचा: तीन चांगले आधार, भार सारखा वाटलेला, आणि एक सुटला तरी झटका बसणार नाही असा. स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा. साठला प्रत्येक आधारावर भाराच्या ५८ टक्के येतात. १२० ला प्रत्येकावर अख्खा भार, म्हणजे वाटून काही मिळवलंच नाही. मग कड्याच्या काठाशी, अँकर आणि सेकंड यांच्या रेषेत बसायचं. वाऱ्यात शब्द विरतात म्हणून हाका ठरलेल्या आहेत. लीडर ‘सेफ!’ म्हणतो, खालचा बिले काढतो. दोर ताठ झाला की खालून ‘दॅट्स मी!’, वरून ‘क्लाइंब व्हेन रेडी!’, खालून ‘क्लाइंबिंग!’, वरून ‘ओके!’. चार माणसांची अशी ओरड एकाच वेळी चालू असेल तर पुढे नाव लावतात.

ट्रॅड आवडण्यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती स्टॅनेजवर स्पष्ट दिसते. राइट अनकॉन्करेबल ही वाट जो ब्राउननं १९४९ मध्ये चढली. मँचेस्टरचा कामगार पोरगा, आजच्यासारखे नट नाहीत, कॅम तर नाहीतच. तेव्हाचे लोक भेगेत अडकलेल्या दगडांमागून दोरी ओवत. पुढे वेल्समधल्या क्लॉगी कड्याकडे जाताना रेल्वेच्या रुळांलगत सापडलेले लोखंडी नट उचलू लागले, दोरी कापू नये म्हणून आतले आटे घासून काढू लागले. आज त्या वाटेवर चढणाऱ्याकडे सामान कितीतरी चांगलं आहे, पण कातळ ब्राउनला मिळाला तसाच समोर आहे. मध्ये कुणी बोल्ट मारले असते तर ही तुलनाच संपली असती. बोल्ट एकदा पडला की पुढच्या सगळ्यांसाठी पडतो. बिनबोल्टची वाट हवी असणाऱ्याला ‘तू क्लिप करू नकोस’ हे उत्तर पुरत नाही, कारण हाताशी बोल्ट असताना मनाचा हिशोब बदललेला असतो.

या युक्तिवादाला मर्यादा आहेत. आधारच न मिळणाऱ्या सलग भिंतींवर बोल्ट नको म्हणणं म्हणजे ती भिंत मूठभर लोकांसाठी राखून ठेवणं. अगदी अवघड ई-ग्रेडच्या बऱ्याच वाटा आधी वरून दोर लावून तासन्‌तास घोटल्या जातात आणि मग लीड होतात. ‘कोऱ्या कातळाशी पहिली भेट’ वगैरे तिथे उरत नाही. शिवाय या वाटा चढणाऱ्यांची बोटं तयार होतात ती बोल्टवर आणि जिममध्येच. अमुक एक प्रकार श्रेष्ठ, हा वाद इथल्या पबमध्ये चालतो तेवढा पुरे.

सह्याद्रीत हा नियम जसाच्या तसा आणता येणार नाही. आपला बेसॉल्ट थराथरांचा, भेगा अनेकदा मातीने आणि गवताने भरलेल्या, दोन थरांमध्ये भुसभुशीत पट्टा. तिथे नटला धरायला भक्कम कड मिळतेच असं नाही, म्हणून सुळक्यांवर पिटॉन (भेगेत ठोकायचे खिळे) आणि बोल्टची परंपरा तयार झाली, ती कारणानेच. ग्रिट हा घट्ट, क्वार्ट्‌झचे खरखरीत दाणे असलेला वालुकाश्म आहे, भेगा स्वच्छ आणि खोल. ट्रॅडचा आग्रह इथे परवडतो त्यात दगडाचा वाटा मोठा. बदामीचा वालुकाश्म त्यातल्या त्यात जवळचा, तिथे बोल्टच्या वाटाही आहेत आणि नट-कॅम घालण्याजोग्या भेगाही.

इथे कामाला किंवा शिकायला आलेल्या आणि हात शिवशिवणाऱ्यांसाठी थोडं. थेट लीडला जाऊ नका. आधी पुष्कळ वाटा सेकंड म्हणून चढा आणि अनुभवी लीडरचे आधार काढताना ते कसे बसवले होते ते बघा. मग जमिनीवर उभं राहून कड्याच्या पायथ्याशी नट-कॅम बसवा, स्लिंग अडकवून त्यावर अंगाचा भार टाका, कुठले निसटतात ते कळू द्या. त्यानंतर वरून दुसरा दोर लावून खोटं लीड. पहिलं खरं लीड एखाद्या डिफिकल्ट किंवा व्हेरी डिफिकल्ट वाटेवर. स्टॅनेजची हेवन क्रॅक किंवा हॉलीबुश क्रॅक त्यासाठी बरी. सोबत जाणतं कुणी नसेल तर पात्रताधारक इन्स्ट्रक्टरचा एक दिवस विकत घ्या, तो कॅमच्या संचापेक्षा स्वस्त पडतो. ग्रिटची पकड थंडीत सगळ्यात चांगली. पाच-सहा अंशांत घाम येत नाही आणि बूट चिकटून राहतात, उकाड्यात तीच वाट निसरडी लागते. वसंतात रिंग ऊझल पक्षी काही घळींत घरटी करतात, तेव्हा तेवढ्या वाटा बंद असतात. निघण्याआधी बीएमसीच्या संकेतस्थळावर सूचना बघा, आणि कड्याखाली पाटी दिसली तर शेजारची वाट धरा.